खेळलेल्या माणसाच्या हाती लेखणी द्या : मराठी दैनिकांच्या क्रीडा-संपादकांना खुले पत्र

सन्माननीय क्रीडा-संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा. एका तालमीच्या फुटबॉल संघातून अकरा हंगाम बचावफळीत खेळलो, उजव्या गुडघ्याने साथ सोडल्यावर खेळ थांबवला, आणि गेली काही वर्षे सकाळी गांधी मैदानावर मुलांना फुटबॉल शिकवणे व संध्याकाळी सामन्यांचे वृत्तांत लिहून देणे अशी दोन कामे करतो. या दोन्ही कामांमुळे एक गोष्ट मला फार जवळून दिसली आहे आणि तीच आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र आहे. फुटबॉल सामन्यांचे वृत्तांत लिहिण्याचे काम आपण निवृत्त खेळाडूंकडे सोपवावे, त्यांना लिहायला शिकवावे, त्यांच्या नावानिशी छापावे आणि त्याचे रीतसर मानधन द्यावे, अशी माझी विनंती आहे.

ही विनंती कुठून आली ते सांगण्यासाठी एक सामना सांगतो.

मार्च महिन्यातली दुपार होती, शाहू स्टेडियम भरलेले होते, आणि कोल्हापुरात पेठेच्या दोन संघांचा सामना असला की जी ईर्ष्या असते ती पुरेपूर होती. एका संघाचा डावा बॅक एकोणीस वर्षांचा मुलगा होता, त्याचा तो पहिलाच मोठा हंगाम. पहिल्या तासाभरात त्याच्या बाजूने एकही चढाई पुढे सरकली नाही. साठाव्या मिनिटाच्या आसपास त्याच्या पुढे खेळणाऱ्या हाफच्या, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूच्या, पोटरीत गोळा आला. तो हाफ बाहेर गेला नाही, कारण बदली खेळाडू संपले होते, पण त्यानंतर तो चेंडू गेल्यावर मागे धावून यायचा बंद झाला. तो कमरेवर हात ठेवून मध्यरेषेजवळ उभा राहू लागला, आणि तेव्हापासून त्या मुलासमोर एकाऐवजी दोन माणसे येऊ लागली. एकाला अडवायला गेला की दुसरा मोकळा. असे तीन वेळा झाले, तिन्ही वेळा गोलरक्षकाने वाचवले, आणि चौथ्या वेळी गोल झाला. सामना एक-शून्य सुटला.

माझ्या वहीत हे सगळे मिनिटांसह होते आणि वृत्तांतातही मी ते चार वाक्यांत लिहिले होते. दुसऱ्या दिवशी दैनिकात, ज्याचे नाव मी इथे घेत नाही, जे छापून आले त्यात त्या चार वाक्यांच्या जागी ‘डाव्या बगलेतील ढिसाळ बचावाचा फायदा उठवत’ एवढेच शब्द होते. उरलेली जागा प्रेक्षक गॅलरीत सामन्यानंतर झालेल्या धक्काबुक्कीला दिली होती. मी फोन केला तेव्हा डेस्कवरून मला समजुतीच्या सुरात सांगण्यात आले की पोटरीचे कोण वाचणार, लोकांना राडा झाला की नाही ते हवे असते.

त्या मुलाला त्या आठवड्यात तालमीच्या दारात बसणाऱ्या प्रत्येकाने ती बातमी वाचून दाखवली. तो आठ दिवस सरावाला आला नाही. पुढच्या सामन्यात त्याला बसवले आणि त्या हाफला खेळवले, म्हणजे चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला. ‘ढिसाळ’ हा शब्द लिहिणाऱ्याच्या मनात काहीही वाईट नव्हते याची मला खात्री आहे. त्याने फक्त गोल पाहिला होता. गोलाच्या आधीची पंचवीस मिनिटे त्याला दिसली नव्हती, कारण ती कुठे पाहायची असतात हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते.

आपल्या फुटबॉलच्या बातम्यांची भाषा मी लहानपणापासून वाचत आलो आहे. ‘अटीतटीच्या लढतीत’, ‘जोरदार चढाया केल्या’, ‘सोप्या संधी वाया घालवल्या’, ‘चेंडू गोलखांबाला लागून बाहेर गेला’. नावे आणि तारीख बदलली तर यांतली कोणतीही बातमी कोणत्याही वर्षी पुन्हा छापता येईल, आणि यात बातमीदारांचा दोष मी मानत नाही. एकच तरुण सकाळी जिल्हा परिषदेत, दुपारी कुस्तीच्या मैदानावर आणि संध्याकाळी स्टेडियममध्ये असतो. त्याने फुटबॉलमधले बारकावे टिपावेत ही अपेक्षाच चुकीची आहे. मात्र ज्यांनी आयुष्याची पंधरा-वीस वर्षे त्याच मैदानावर घालवली ती माणसे त्याच गॅलरीत चार पायऱ्या वर बसलेली असतात, आणि सामना सुरू असताना शेजारच्याला जे सांगत असतात ते दुसऱ्या दिवशीच्या पानापेक्षा कितीतरी नेमके असते. ते बोलणे संध्याकाळी सहा वाजता हवेत विरून जाते.

खेळाडूने पुढे लेखक आणि प्रशिक्षक होणे ही कल्पना नवी नाही. युरोपातल्या फुटबॉलचा मोठा भाग अशाच माणसांनी घडवला आहे, आणि त्यांतल्या एकाबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण त्याची गोष्ट आपल्या टेबलावर बसणाऱ्यांनी वाचायलाच हवी असे मला वाटते.

गाब्रिएल आनो हा फ्रान्सचा खेळाडू. १९०८ ते १९१९ या काळात तो फ्रान्सकडून बारा सामने खेळला. एका विमान अपघातातल्या दुखापतीने त्याचा खेळ संपला आणि तो पत्रकार झाला. पुढे ‘लेकिप’ या पॅरिसच्या क्रीडा दैनिकात त्याचा शब्द फुटबॉलच्या बाबतीत शेवटचा मानला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ ते १९४९ अशी चार वर्षे फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारीही त्याच्याकडे होती, म्हणजे एकाच वेळी तो संघ उभा करत होता आणि फुटबॉलवर लिहीतही होता.

डिसेंबर १९५४ मध्ये इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन संघाने आपल्या मैदानावर, विजेच्या प्रकाशझोतात, हंगेरीच्या होनव्हेद संघाला तीन-दोन असे हरवले. होनव्हेदमध्ये पुश्काश होता, कोचिश होता, बोझिक होता. वर्षभरापूर्वी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडला सहा-तीन असे धुणाऱ्या हंगेरीच्या संघाचा कणाच तो. मध्यंतराला वुल्व्हरहॅम्प्टनवाले दोन-शून्य मागे होते आणि तिथून ते जिंकले. इंग्लिश वृत्तपत्रांनी त्यांना थेट जगज्जेते ठरवून टाकले. आनोने लगेच ‘लेकिप’मध्ये उत्तर लिहिले. मुद्दा साधा होता : स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, थंडीत भिजलेल्या चिखलात जिंकल्यावर अजिंक्य म्हणवून घेण्याआधी त्यांनी मॉस्कोला आणि बुडापेस्टला जाऊन खेळून दाखवावे. चिखलात लांब पासवर खेळणाऱ्या संघाला काय फायदा होतो आणि जमिनीलगत छोटे पास देणाऱ्या संघाचे काय होते, हे ज्याच्या पायांना ठाऊक असते त्यालाच तो निकाल असा वाचता येतो. पण तो एवढ्यावर थांबला नाही. युरोपातल्या क्लबांची एक स्पर्धा असावी, प्रत्येक लढत दोन्ही गावांत खेळली जावी, अशी योजना त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच दैनिकातून मांडली. एप्रिल १९५५ मध्ये क्लबांच्या प्रतिनिधींना पॅरिसला बोलावण्यात आले, सप्टेंबरमध्ये लिस्बनला पहिला सामना झाला, सोळा संघ खेळले, आणि जून १९५६ मध्ये पॅरिसलाच झालेल्या अंतिम सामन्यात स्पेनच्या रेआल माद्रिदने फ्रान्सच्या रँस संघाला चार-तीन असे हरवले. आज आपली मुले रात्री दीड वाजता उठून जी चॅम्पियन्स लीग पाहतात तिचा उगम एका दैनिकाच्या क्रीडा पानावर, एका माजी खेळाडूच्या लेखात आहे.

आनोचा आणखी एक प्रसंग फुटबॉलच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. जून १९४९ मध्ये फ्रान्सचा संघ पॅरिसजवळ स्पेनकडून पाच-एक असा हरला. त्यानंतर ‘लेकिप’मध्ये एक निनावी लेख आला आणि त्यात राष्ट्रीय संघाच्या व्यवस्थापकाने पायउतार व्हावे अशी मागणी होती. लेख आनोचाच होता, आणि व्यवस्थापकही तोच. त्याने पद सोडले. लोक हा प्रसंग गंमत म्हणून सांगतात, मला तो तसा वाटत नाही. ज्याला दुसऱ्याच्या खेळातली चूक छापायची सवय असते त्याने स्वतःच्या कामालाही तोच माप लावला. तरी त्यातला निनावीपणा मला खटकतो, आणि त्याबद्दल पुढे बोलणार आहे.

दुसरा माणूस व्हित्तोरिओ पोझ्झो. इटलीतल्या तोरिनो शहराचा. झ्युरिकला शिकत असताना ग्रासहॉपर क्लबकडून खेळला, परत येऊन १९०६ मध्ये तोरिनो क्लबच्या स्थापनेत सहभागी झाला आणि त्याच क्लबकडून खेळला. पुढे ‘ला स्ताम्पा’ या दैनिकात त्याने अनेक वर्षे फुटबॉलवर लिहिले. प्रशिक्षक म्हणून त्याने १९३४ आणि १९३८ असे लागोपाठ दोन विश्वचषक इटलीला जिंकून दिले, आणि मधल्या १९३६ मध्ये बर्लिनचे ऑलिंपिक सुवर्णही. पुरुषांचे दोन विश्वचषक जिंकणारा दुसरा प्रशिक्षक आजवर झालेला नाही. त्या विजयांचा वापर मुसोलिनीच्या राजवटीने करून घेतला आणि पोझ्झोबद्दल लिहिताना ते झाकणे योग्य होणार नाही. मला इथे सांगायचे आहे ते मात्र ४ मे १९४९ या दिवसाबद्दल. लिस्बनहून सामना खेळून परतणाऱ्या तोरिनो संघाचे विमान शहराबाहेरच्या सुपेर्गा टेकडीवर, तिथल्या बॅसिलिकेच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, मागच्या भिंतीवर आदळले आणि विमानातली एकतीसच्या एकतीस माणसे गेली. त्यांत तीन क्रीडा पत्रकारही होते. हा संघ किती मोठा होता, तर मे १९४७ मध्ये हंगेरीविरुद्ध पोझ्झोने उतरवलेल्या इटलीच्या अकरा जणांपैकी दहा तोरिनोचे होते. टेकडीवर मृतदेहांची ओळख पटवण्याचे काम पोझ्झोला करावे लागले. ज्यांना त्याने निवडले होते, ज्यांचा खेळ त्याने शब्दांत पकडला होता, त्यांचीच. प्रशिक्षक आणि पत्रकार ही दोन कामे करणारा माणूस खेळाडूंना किती जवळून ओळखतो याचे याहून कठीण उदाहरण मला माहीत नाही.

इंग्लंडचा गोलरक्षक फ्रँक स्विफ्ट निवृत्तीनंतर वृत्तपत्रासाठी लिहीत होता आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंबरोबर गेला. आयव्हन शार्प १९१२ च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, नंतर संपादक. नावे पुष्कळ आहेत.

ही उदाहरणे परदेशातली म्हणून आपण बाजूला ठेवाल तर मी आपल्याला आपल्याच भाषेत घेऊन येतो. संदीप पाटील कसोटी क्रिकेट खेळले, ‘एकच षटकार’ या मराठी नियतकालिकाचे संपादक झाले, आणि २००३ च्या विश्वचषकात ज्या केनियाला कोणी खिजगणतीत धरले नव्हते ती केनिया उपांत्य फेरीत पोहोचली तेव्हा तिचे प्रशिक्षक तेच होते. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी क्रिकेट कसे पाहावे हे त्या अंकांतून शिकून घेतले. मराठी क्रिकेटप्रेमी आज टीव्हीसमोर बसून चेंडूच्या शिवणीबद्दल आणि खेळपट्टीच्या भेगांबद्दल बोलतो, कारण खेळलेल्या माणसांनी त्याला ते मराठीतून वर्षानुवर्षे सांगितले. फुटबॉलच्या वाट्याला असे कोणी आले नाही. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी, प्रॅक्टिस अशा संघांमागे अख्ख्या पेठा उभ्या राहतात, हजारो माणसे तिकीट काढून येतात, आणि तरीही ‘ऑफसाइड’वरून सामना थांबतो तेव्हा निम्म्या गॅलरीला नियम ठाऊक नसतो. पंचांवर दगड पडतात त्याच्या मागे ईर्ष्या असतेच, पण कित्येकदा निव्वळ न कळणेही असते. दुसऱ्या दिवशीच्या पानावर तो निर्णय बरोबर का होता हे कोणीतरी जबाबदारीने लिहिले असते, तर पुढच्या सामन्याला त्यातले काही हात खाली राहिले असते, असे मला मनापासून वाटते.

आता प्रशिक्षणाच्या बाजूबद्दल. फुटबॉल शिकवण्यासाठी आज परवान्यांची एक उतरंड आहे. खालच्या पायऱ्यांत ‘डी’ येतो, मग ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि शेवटी ‘प्रो’. मी ‘डी’च्या वर्गाला बसलो तेव्हा माझ्याबरोबर माझ्यापेक्षा कितीतरी सरस खेळलेले दोघे होते. त्यांतल्या एकाचा डाव्या पायाचा फ्री किक पाहायला मी लहानपणी कुंपणावर चढून बसत असे. वर्गात प्रत्येकाला एक सराव उभा करून तो का करायचा हे सांगायचे होते. हा माणूस मैदानात उतरला, शंकू मांडले, चेंडू ठेवला आणि नुसता उभा राहिला. मग म्हणाला, ‘असं मारायचं,’ आणि मारून दाखवले. चेंडू अर्थातच हवा तिथे गेला. पण शेवटचे पाऊल चेंडूच्या बाजूला किती अंतरावर टाकायचे, अंग पुढे झुकवायचे की मागे, घोटा कधी घट्ट करायचा, यातले काहीही त्याला शब्दांत सांगता आले नाही. त्या रात्री तो माझ्याजवळ बसून म्हणाला की वीस वर्षे मी हे करतोय पण काय करतोय ते मला माहीत नव्हते.

मला तिथे जे थोडेफार सांगता आले त्याचे श्रेय माझ्या खेळाला नाही, वहीला आहे. चार वर्षे वृत्तांत लिहिताना गोल कसा झाला याचे कारण एका वाक्यात पकडण्याची सवय हाताला लागली होती. लिहायचे म्हटले की ‘असं झालं’ म्हणून चालत नाही. कोण कुठे उभा होता, त्याने कुठे पाहिले, चेंडू कोणत्या पायावर आला, हे ठरवावेच लागते. हीच नजर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांसमोर कामाला येते. एखाद्या मुलाचा पास सारखा चुकत असेल तर ‘नीट दे’ असे मी आता ओरडत नाही. चेंडू येण्याआधी तो मान वळवून मागे बघत नाही हे मला दिसते आणि मी त्याला तेवढेच सांगतो. म्हणून, खेळाडूला लेखक करणे म्हणजे निवृत्त माणसाला उपकार म्हणून चार पैसे देणे, असे कृपया समजू नये. आपण त्याला लिहायला लावाल तर त्यातून एक बरा प्रशिक्षकही तयार होईल. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याच्यासारखी आणखी मुले हवी असतील तर त्यांना आधी अशी माणसे भेटायला हवीत, ज्यांना खेळ सांगता येतो.

या सूचनेवर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, या लोकांना लिहिता येत नाही. खरे आहे, मलाही येत नव्हते. माझा पहिला वृत्तांत अकराशे शब्दांचा होता आणि त्यात सामन्याचा निकाल शेवटच्या ओळीत होता. एका ज्येष्ठ उपसंपादकांनी मला चार रविवार समोर बसवून निकाल आधी, कारण नंतर, बाकीचे जागा उरली तर, एवढे शिकवले. चार रविवार लागले. बारकावे पाहायला शिकण्यासाठी मात्र मला अकरा हंगाम लागले होते, आणि ते आपल्या डेस्कवर कोणालाही शिकवता येणार नाहीत.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. जो तालमीत वाढला तो त्या तालमीची बाजू घेणार, आणि जो मुलांना शिकवतो तो त्यांचे कौतुक करणार. हे मी नाकारत नाही. माझ्याकडे शिकलेला मुलगा ज्या सामन्यात खेळतो त्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो हे मी स्वतः अनुभवले आहे. एकदा तर उलटेही झाले : एका संघाचा सेंटर बॅक उजव्या बाजूने वळायला वेळ घेतो असे मी लिहिले, आणि पुढच्याच आठवड्यात माझ्याच मुलांचा संघ त्याच्याविरुद्ध उतरला. मी ते मुद्दाम लिहिले नव्हते, पण कोणी तसे म्हटले असते तर माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून नियम हवेत, आणि ते आपणच घालावेत. ज्या संघाकडून तो खेळला किंवा ज्या संघाला तो शिकवतो त्याचा सामना त्याने लिहू नये. वृत्तांताखाली त्याचे नाव असावे, आणि नावापुढे तो कोणत्या संघाचा माजी खेळाडू आहे हेही असावे, म्हणजे वाचकाला काय ते ठरवता येईल. आनोच्या त्या लेखातले जे मला खटकते ते हेच. इतके खरे लिहिणाऱ्याने आपले नाव द्यायला हवे होते.

तिसरा आक्षेप जागेचा आहे आणि त्यावर माझे म्हणणे थोडके आहे. धक्काबुक्कीला जेवढी जागा मिळते तेवढीच खेळाला द्या.

मानधनाबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण आपल्याकडे हा विषय संकोचाने टाळला जातो. तालमीकडून खेळणारे बहुतेक जण निवृत्तीनंतर रिक्षा चालवतात, दुकानात बसतात, एमआयडीसीत पाळी करतात. एका सामन्यासाठी त्यांची अर्धी पाळी बुडते. ‘नाव छापून येईल की’ हे उत्तर त्यांना देऊ नये. नाव त्यांनी मैदानावर आधीच कमावलेले आहे.

माझ्या ओळखीचे पाच माजी खेळाडू, पाच वेगवेगळ्या संघांचे, हे काम करायला तयार आहेत. त्यांतले दोघे चांगले मराठी लिहितात, एकजण बोलतो फार छान आणि त्याचे लिहून घ्यावे लागेल, उरलेल्या दोघांना चार-चार रविवार द्यावे लागतील. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला आपण त्यांना एक महिना आजमावून पाहावे. स्टेडियमवरचा सामना संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटतो. कारणासह, मिनिटांसह, नावानिशी लिहिलेले चारशे शब्द साडेसातपर्यंत आपल्या टेबलावर असतील.

आपला नम्र,
कोल्हापूरचा एक माजी बचावपटू